आण्णांच्या खिशातली पट्टी: मराठी न्यूज चॅनेलच्या संपादकांना आणि अँकरना खुलं पत्र

सगळ्या मराठी न्यूज चॅनेलच्या संपादकांना आणि संध्याकाळचे डिबेट शो घेणाऱ्या अँकर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा, पंचवटीत माझं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरच्या वर भिंतीला टीव्ही लावलाय आणि संध्याकाळी सात ते दहा तो न्यूजवरच असतो, गेली बारा-तेरा वर्षं. गिऱ्हाईक येतं, औषध निघेपर्यंत मान वर करून बघतं, दोन शब्द बोलतं आणि जातं. म्हणजे तुमचा कार्यक्रम मी एकट्यानं कधीच बघत नाही, रोज पन्नास-साठ जणांबरोबर बघतो, आणि त्यातलं काय लोकांच्या मनाला लागतं आणि काय नुसतं कानावरून जातं हे मला समोर दिसतं. हे पत्र बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला बसलोय.

सुरुवात आमच्या आण्णांपासून करतो. आण्णा म्हणजे माझे थोरले काका, निफाड तालुक्यात शेती, दरवर्षी दोन-सव्वादोन एकर लाल कांदा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली, ७ तारखेला नोटिफिकेशन आणि ८ तारखेपासून लागू, तुम्हाला आठवत असेलच. जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, मग तुमच्या ओबी व्हॅन, म्हणजे लाइव्ह दाखवायच्या गाड्या, आल्या. त्या महिन्यात एका चॅनेलनं (नाव घेत नाही, कारण हे एकाच चॅनेलचं नाहीये) मार्केट यार्डातून लाइव्ह डिबेट ठेवलं आणि कोणाच्या तरी ओळखीनं आण्णांना बोलावलं. आण्णांनी धुतलेली टोपी घातली, सदऱ्याच्या खिशात त्या आठवड्याची हिशोब पट्टी घडी करून ठेवली. पट्टी म्हणजे व्यापारी देतो ती पावती, किती क्विंटल, काय भाव, हमाली किती, तोलाई किती, हातात काय आलं. थंडी मरणाची होती, पाच वाजल्यापासून साडेसातपर्यंत ते उभे, कानात इअरपीस. मी बाजूलाच होतो.

लाइव्ह जायच्या आधी तिथला मुलगा आण्णांना म्हणाला, आण्णा जरा जोरात बोला, चिडून बोला, चांगलं दिसतं. आण्णा आयुष्यात कधी चिडून बोललेले नाहीत. मग मुंबईच्या स्टुडिओतून मॅडमचा आवाज आला, "सांगा, सरकारनं शेतकऱ्याच्या पाठीत खंजीर खुपसलाय का, हो की नाही?" आण्णा म्हणाले, "ताई, मी पट्टी आणलीय, ती जरा वाचून दाखवतो, म्हणजे..." आणि तिथंच स्टुडिओत बसलेले एक प्रवक्ते मध्ये घुसले, दुसरे त्यांच्यावर ओरडले, आण्णांचा आवाज खाली गेला तो परत वर आलाच नाही. नंतर युट्युबवर मोजलं, वीस सेकंद. ओठ हलताना दिसतात, आवाज दोन प्रवक्त्यांचा. आण्णा घरी येताना गाडीत काहीच बोलले नाहीत, फक्त एकदा म्हणाले, पट्टी वाचू दिली असती तर बरं झालं असतं.

आता आण्णा काय सांगणार होते ते मी सांगतो, कारण तेच कामाचं होतं. लाल कांदा टिकत नाही. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे हवा खेळती असलेल्या कोठारात, भरून पाच-सहा महिने ठेवता येतो, भाव पडला तर थांबता येतं, लाल कांद्याला थांबायची सोयच नाही, काढला की विकावाच लागतो. त्यामुळे तीच निर्यातबंदी उन्हाळ्यात आणि डिसेंबरमध्ये वेगवेगळी लागते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं तेव्हा व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते, तेव्हा निदान ज्याच्या चाळीत उन्हाळ कांदा होता तो वाट बघू शकत होता. डिसेंबरमध्ये माल वावरात काढून पडलेला, मजूर लावलेले, ट्रॅक्टर रांगेत, आणि भाव निम्म्यावर. आण्णांचं म्हणणं एवढंच होतं की बंदी करायचीच असेल तर महिनाभर आधी सांगा, म्हणजे आम्ही लागवड तरी त्या हिशोबानं करू. यात ना खंजीर आहे ना पाठ. आणि ते सरकारच्या बाजूचं पण नाही आणि विरोधी पक्षाच्या बाजूचं पण नाही. म्हणूनच मला वाटतं त्याला तुमच्या कार्यक्रमात जागा नव्हती.

बरं, दुसरी बाजूही त्या पाऊण तासात आली नाही हे पण सांगतो. शहरात किलोला साठ-सत्तर रुपये मोजणारी बाई होती, तिचं घर कसं चालतं, सरकारला तिचा विचार करावा लागतो की नाही, बफर स्टॉक, म्हणजे सरकारचा राखीव साठा, ५ लाख टनांवरून ७ लाख टनांवर नेला तर तो कांदा कोणाकडून घेतला आणि कुठे विकला, हे प्रश्न सरकारच्या प्रवक्त्यालाही नीट मांडता आले असते, त्यांच्याकडेही मुद्दे होते. पण त्यांना विचारलं काय, तर तुमच्या मित्रपक्षाचे नेते नाराज आहेत का.

माझं म्हणणं हेच आहे. तुम्ही बॅलन्स म्हणता तेव्हा तुम्ही पक्ष मोजता. सत्तेतले तीन, विरोधातले तीन, झाला बॅलन्स. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, तेव्हापासून तर सहा खिडक्या सहज भरतात, आणि स्क्रीन इतकी भरलेली दिसते की वाटतं केवढी विविध मतं आहेत. पण ते सहाही जण एकाच कामाचे लोक असतात, प्रवक्ते, पक्षानं सकाळी दिलेली लाइन संध्याकाळी बोलायची हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांची चूक नाही, ते त्यांचं काम करतायत. चूक निवडणाऱ्याची आहे. सहा पक्ष म्हणजे सहा आवाज नव्हेत.

आणि एका पक्षाकडे झुकणं, ज्याबद्दल सगळे बोलतात, तेही आहेच, मी नाही म्हणत नाही. ते कसं होतं हे रोज बघून मला कळायला लागलंय. ते अँकरच्या मतापेक्षा प्रश्नात असतं. एकाला विचारायचं "तुमचं स्पष्टीकरण काय" आणि दुसऱ्याला विचारायचं "तुम्हाला काय वाटतं". पहिला आपोआप आरोपी होतो. एकाचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं, दुसऱ्याच्या वाक्यात तीनदा "थांबा थांबा" करायचं. स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर आधीच निकाल लिहायचा आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकायचं. ब्रेकच्या आधीचा शेवटचा शब्द कोणाला द्यायचा, कारण जाहिरातीत तोच डोक्यात राहतो. आणि ज्याच्या नावाखाली "राजकीय विश्लेषक" लिहिलंय तो परवापर्यंत कोणत्या पक्षाचं काम करत होता हे न सांगणं. या शेवटच्याबद्दल माझा फार राग आहे, कारण दुकानात येणारी साधी माणसं त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवतात. त्यांना वाटतं हा कोणाचाच नाही.

मी एकदा वही घेऊन बसलो होतो. एकच संध्याकाळ, एकच कार्यक्रम, विषय होता जिल्हा परिषदेच्या शाळांचा. पाहुणे सहा, पाच पक्षांचे आणि एक विश्लेषक. शिक्षक एकही नाही. पालक नाही. बाई एक, तीही प्रवक्ती, आणि तिला पहिला प्रश्न यायला बावीस मिनिटं लागली, घड्याळ समोर होतं माझ्या. त्याच वेळी दुकानात एक जिल्हा परिषदेच्या शिक्षिका सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला आल्या होत्या, त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, दादा, दोन वर्ग मी एकटी सांभाळते, हे कोणी बोलेल का. गोळ्या घेतल्या आणि गेल्या. मी वहीत त्यांचं वाक्य पण लिहून ठेवलंय, त्या पाऊण तासात शाळेबद्दलचं तेवढं एकच वाक्य वहीत आहे.

हे नुसतं माझं निरीक्षण म्हणून सोडू नका. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया ही स्वयंसेवी संस्था आणि न्यूजलाँड्री ही बातम्यांची वेबसाइट यांनी एक अहवाल काढला होता, हिंदीतले ४० आणि इंग्रजीतले ४७ डिबेट अँकर तपासले, चारातले तीन उच्च जातीतले निघाले आणि दलित, आदिवासी, ओबीसी एकही नाही. पाहुण्यांचंही चित्र फार वेगळं नव्हतं, बहुतेक मोठ्या शोमध्ये बहुसंख्य पाहुणे उच्च जातीतलेच. हा अहवाल मराठी चॅनेलचा नाही, पण म्हणून तुम्ही सुटत नाही, तुम्ही स्वतःच एकदा गेल्या महिन्याची पाहुण्यांची यादी काढून बघा ना. मी ज्या पंचवटीत राहतो तिथं काळाराम मंदिर आहे, २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी तिथं सत्याग्रह सुरू केला. त्याच्या दहा वर्षं आधी, १९२० मध्ये, त्यांना 'मूकनायक' हे पाक्षिक काढावं लागलं होतं. नावच बघा. बोलणारे होते, छापणारे नव्हते. शंभर वर्षांनी कॅमेरे गल्लोगल्ली आलेत आणि तरी तोच प्रश्न शिल्लक आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

नाशिकचंच अजून एक सांगतो. ६ मार्च २०१८ ला सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला, सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणकडचे आदिवासी शेतकरी, बायका, म्हातारी माणसं, १८० किलोमीटर पायी. निघाले त्या दिवशी मी चौकात उभा राहून बघत होतो, किती तरी वेळ ती रांग संपतच नव्हती. चॅनेलवर पहिल्या दोन-तीन दिवसांत मला त्याचं जेमतेम दर्शन झालं, मार्च मुंबईजवळ गेला तसे कॅमेरे आले, रक्ताळलेले पाय दिसले आणि मग डिबेट सुरू झाले. डिबेटचा विषय काय, तर लाल टोप्या कोणी दिल्या, मागे कोण आहे. मागणी होती वनहक्क कायद्याची, २००६ चा कायदा, कसत असलेली जमीन नावावर करा. ज्या माणसांनी दहावीच्या पोरांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्री चालून काढला, त्यांच्यातली एक बाई स्टुडिओत खुर्चीवर बसवून, तिला तिच्या भाषेत, तिच्या वेगानं दहा मिनिटं बोलू द्यायला काय हरकत होती? मी तेव्हा बरेच कार्यक्रम बघितले, मला तरी असं दृश्य दिसलं नाही.

तुम्ही म्हणाल टीआरपी. मला माहितीय तुमच्यावर प्रेशर असतं, पगार तिथून निघतात. पण ते आकडे कशावर उभे आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, देशभरात ५८ हजारांच्या आसपास घरांत मशिन (२०२५ चा आकडा) आणि त्यावरून कोट्यवधी घरांचा अंदाज. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपीत फेरफार केल्याचं प्रकरण निघालं तेव्हा हे आकडे काढणाऱ्या बार्क या संस्थेनं न्यूजचं रेटिंगच थांबवलं, ते परत यायला मार्च २०२२ उजाडला. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष तो आकडा नव्हता. त्या दीड वर्षात डिबेट शांत झाले का? मी तर रोज बघत होतो, तोच आरडाओरडा. मग सगळा दोष टीआरपीवर कसा टाकायचा, सवय पण आहे ना.

आणि ही गोष्ट पूर्णपणे तुमची खासगी नाहीये. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की एअरवेव्ह्ज, म्हणजे प्रक्षेपणाच्या लहरी, ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि लोकांपर्यंत वेगवेगळी मतं पोचली पाहिजेत, ती ना सरकारच्या एकट्याच्या हातात असावीत ना थोड्या पैसेवाल्यांच्या. गंमत म्हणजे भांडण क्रिकेटच्या मॅचच्या प्रक्षेपणावरून होतं आणि त्यातून एवढी मोठी गोष्ट निघाली. २०२२ च्या अपलिंकिंग-डाउनलिंकिंगच्या, म्हणजे सॅटेलाइटवरून चॅनेल दाखवायच्या, सरकारी गाइडलाइनमध्येही हेच धरून चॅनेलना रोज ३० मिनिटं सार्वजनिक हिताच्या विषयांना द्यायला सांगितलंय, त्यात शेती आणि ग्रामविकास आहे, शिक्षण आहे, आरोग्य आहे. ती तीस मिनिटं दिवसभरात कुठे जातात? आठच्या डिबेटमधली दहा मिनिटं त्यातली धरा की.

तक्रारीचा रस्ता आहे हेही मला माहितीय, २०२१ च्या केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे आधी चॅनेलकडे तक्रार, १५ दिवसांत उत्तर, मग वर स्वनियमन संस्था, म्हणजे चॅनेलनी स्वतःवर लक्ष ठेवायला काढलेली संस्था. आण्णांच्या वेळी मी ईमेल केला होता, उत्तर आलं नाही आणि मीही पुढे गेलो नाही, दुकान सोडून कुठे फिरणार. आणि दंड तरी किती, ऑगस्ट २०२३ मध्ये तुमच्या त्या संस्थेची मर्यादा १ लाख रुपये होती, तेव्हा सुप्रीम कोर्टानंच विचारलं की एवढ्यानं काय फरक पडणार. मला दंड नकोच आहे. सरकारनं वरून येऊन कोणाला बोलवायचं ते ठरवावं असंही मला अजिबात वाटत नाही, ते याच्यापेक्षा वाईट होईल, आज एक सरकार उद्या दुसरं, प्रत्येकाला आपापले लोक खुर्चीवर हवे असतील.

राजकीय पक्षांनाही जाता जाता सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये विरोधकांच्या आघाडीनं १४ अँकरच्या कार्यक्रमांवर बहिष्कार टाकला. त्यांचा राग मला कळतो, पण खुर्ची रिकामी सोडली की जे एकतर्फी होतं ते अजून एकतर्फी होतं, आणि बघणाऱ्याला तर काहीच मिळत नाही. सत्तेतलेही अवघड प्रश्न विचारणाऱ्याकडे फिरकत नाहीत, तेही तितकंच चुकीचं.

आम्ही प्रेक्षकही यात आहोत, ते लपवत नाही. माझ्या दुकानात दोन शेजारी येतात, दोघं वेगवेगळ्या पक्षाचे. एक म्हणतो हे चॅनेल लावू नका, विकलं गेलंय, दुसरा त्याच्या चॅनेलबद्दल तेच म्हणतो. आपल्या मताचं बोलणं चालू असलं की माणसाला ते निष्पक्ष वाटतं, मलाही वाटतं, आण्णांच्या त्या रात्रीपर्यंत मी कधी याचा विचार केला नव्हता.

मग मला काय हवंय? फार नाही. विषय ज्याच्या आयुष्याचा आहे त्याला पहिली पाच मिनिटं द्या, शेवटची नको, पहिली, आणि त्या पाच मिनिटांत बाकी सगळ्यांचे माईक बंद ठेवा, बटण तुमच्याच कंट्रोल रूममध्ये असतं. मग प्रवक्त्यांना त्यावर बोलायला लावा. आण्णांनी पट्टी वाचली असती आणि मग सहाही प्रवक्त्यांना विचारलं असतं की या पट्टीचं काय करायचं, तर काय कार्यक्रम झाला असता! विश्लेषकाच्या नावाखाली खरी ओळख लिहा, आधी कोणत्या पक्षात होते, कोणाचं काम करतात. आणि पाहुणे बोलावणाऱ्या गेस्ट को-ऑर्डिनेटरच्या फोनमधले तेच तीस-चाळीस नंबर सोडून जिल्ह्याजिल्ह्यातले नवीन नंबर मिळवा, तुमचे तालुक्याचे स्ट्रिंगर, म्हणजे गावोगावचे वार्ताहर, एका दिवसात देतील, त्यांना सगळी माणसं माहीत असतात, त्यांना कोणी विचारत नाही.

लोक ऐकत नाहीत असं म्हणू नका. आमच्याकडे गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला होते, शंभरेक वर्षांची परंपरा आहे, मे महिन्यात रोज संध्याकाळी. एक माणूस तासभर बोलतो, कधी डावा कधी उजवा, कधी डॉक्टर कधी शेतीतला, आणि लोक दिवसभराच्या उकाड्यातून येऊन शांत बसून ऐकतात. पटलं नाही तरी उठून जात नाहीत. माझे वडील मला लहानपणी तिथं न्यायचे, मला अर्धं कळायचं नाही, पण एक माणूस बोलत असताना दुसरा थांबतो हे मी तिथं शिकलो.

आता सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय. तपोवनातली झाडं तोडण्यावरून वाद झालाच आहे, पुढे रस्ते, गोदावरीचं पाणी, साधुग्राम (साधूंच्या मुक्कामाची जागा), पैसा, सगळ्यावर तुमचे डिबेट होणार आणि ओबी व्हॅन रामकुंडावर लागणार हे नक्की. तेव्हा पक्षांचे लोक जरूर बोलवा. पण ज्यांच्या जमिनी साधुग्रामसाठी लागतात ते शेतकरी, पहाटे घाट धुणारे सफाई कामगार, नदीचं पाणी तपासणारी माणसं, झाडांसाठी उभी राहिलेली पोरं, रामकुंडावर फुलं विकणाऱ्या बायका, यांच्यातल्याही कोणाला तरी खुर्ची द्या, खिडकी नको, खुर्ची. नंबर हवे असतील तर माझ्या दुकानात या, बरेचसे माझे गिऱ्हाईक आहेत, मी गाठ घालून देतो.

आणि कांद्यावर परत कधी कार्यक्रम केलात तर आण्णांना विचारा. ते येतील की नाही सांगता येत नाही, पण ती पट्टी त्यांनी अजून जपून ठेवलीय, देवघराच्या खणात.

आपला रोजचा प्रेक्षक,
एक मेडिकलवाला, पंचवटी, नाशिक